टाच रोवली तेव्हा

नऊ वर्षांनी मला माझ्या मुलाचं अक्षर पाहायला मिळालं, ते एका संमतिपत्राच्या तळाशी. ‘माझ्या खेळाच्या जुन्या चित्रफितीची यंत्राकडून तपासणी करण्यास माझी हरकत नाही’ या छापील वाक्याखाली मराठीत सही होती, शार्दूल विश्वास इंगवले, आणि तारीख. शेजारी शेऱ्यासाठी एक रिकामा चौकोन होता. त्यात त्याने काहीच लिहिलं नव्हतं. मी तो कागद खिडकीच्या काचेला लावून पाहिला, काही लिहून खोडलंय का म्हणून. साठीला आलेली, तीस वर्षं प्रयोगशाळा चालवलेली बाई, आणि हे धंदे.

खोडलेलं काही नव्हतं. पण शार्दूलमधल्या ‘र्दू’ला तो लहानपणी मारायचा तसाच उगीच लांबलचक फराटा होता. तो मी बराच वेळ बघत बसले.

ओहायोतल्या ब्रायरफील्ड नावाच्या कॉलेजच्या गावात मी माणसाचं शरीर कसं हलतं हे शिकवते. मूळची कोल्हापूरची. माझे वडील तालमीचे वस्ताद. मुलींना आखाड्यात पाऊल टाकायची परवानगी नव्हती, म्हणून मी दाराच्या चौकटीला टेकून लाल मातीतल्या झटापटी पाहायची. कोणाचा गुडघा आधी वळतो, कोणाची मान डावाआधी चुगली करते, हे मला सातव्या-आठव्या वर्षीच कळायला लागलं होतं. पुढे त्याचंच शास्त्र केलं आणि त्यावर पोट भरलं.

वडिलांच्या तालमीत एक कडक नियम होता. सराव चालू असताना वस्तादांनी टाळी वाजवली की पकड सुटलीच पाहिजे. डाव अर्धा असो, समोरचा हवेत असो, टाळी म्हणजे टाळी. त्यानंतरही डाव पुरा करणाऱ्याला आठवडाभर मातीला शिवू द्यायचे नाहीत. “जोर तर रेड्यातपण असतोय,” म्हणायचे, “आवरता आला तर तो पैलवान.” याच माणसाने एका जत्रेच्या मैदानात पंच म्हणून सख्ख्या पुतण्याला हरलेला ठरवलं होतं. ती गोष्ट आमच्या घरात देवाच्या आरतीसारखी म्हटली जायची.

शार्दूल आजोबांच्याच हाडापेराचा निघाला. बाराव्या वर्षी माझ्या खांद्याच्या वर गेला. बर्फाच्या दिवसांत आम्ही तळघरात गाद्या टाकायचो आणि मी त्याला आजोबांचे डाव शिकवायची. आखाड्यात कधी न उतरलेली बाई मुलाला ढाक शिकवतेय हे पाहून विश्वासराव, म्हणजे माझे यजमान, जिन्यात बसून हसायचे. पण टाळीच्या बाबतीत मी हसण्यावारी नेत नव्हते. टाळी वाजली की शार्दूल जागच्या जागी थिजायचा. मला त्याचा केवढा अभिमान होता! पाहुण्यांसमोर करून दाखवायला लावायची.

पुढे तो आमच्याच कॉलेजच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळायला लागला. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांनी फार मनाला लावून घेऊ नये. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातात. एका संघाचा क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू मागे सरकून, लांब नजर टाकून, चेंडू फेकतो. समोरचे दांडगे त्याने फेकायच्या आत त्याला आडवा करायला धावतात. शार्दूल त्या दांडग्यांपैकी. मित्र त्याला ‘शार्क’ म्हणायचे. आता गंमत अशी, की चेंडू हातात असेपर्यंत क्वार्टरबॅकला लोळवणं हे पुण्यकर्म, आणि चेंडू सुटला की तेच पाप. चेंडू गेल्यावर एखादं पाऊल चालतं. त्यानंतर धडकलात, किंवा डोक्याला लागलं, तर पंच पिवळा रुमाल फेकतो आणि तुमच्या संघाला पंधरा यार्डांचा दंड होतो, म्हणजे तेवढं मैदान समोरच्यांना फुकट मिळतं. याला ‘रफिंग द पासर’ म्हणतात. मी घरात ‘उशिराची धडक’ म्हणते.

या रुमालावरून अमेरिकेत जेवढी भांडणं होतात तेवढी आपल्याकडे सासू-सुनांत होत नसतील. अर्धी जनता म्हणते, क्वार्टरबॅकला काचेचं भांडं करून ठेवलंय, एवढा मोठा गडी भरधाव सुटल्यावर त्याने काय हवेत ब्रेक मारायचा? उरलेली म्हणते, ज्याचं लक्ष लांब आहे, ज्याची छाती उघडी आहे, त्याला पंचाने नाही जपायचं तर कोणी?

नऊ वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात, एका शनिवारी दुपारी, शार्दूल समोरच्या संघाच्या केलेब व्हिटमर नावाच्या क्वार्टरबॅकवर जाऊन आदळला. केलेब आमच्याच गावचा, शाळेत शार्दूलबरोबर खेळलेला. चेंडू सुटलेला होता. शार्दूलचं हेल्मेट केलेबच्या हनुवटीखाली बसलं. केलेब उठला नाही. रुमाल पडला, मैदान चिडीचूप झालं, आणि रुग्णवाहिका आत येईपर्यंत शार्दूल गुडघ्यांवर बसून होता. केलेबच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो वाचला, पण उजवा हात गेल्यात जमा झाला आणि बोलणं जड झालं.

चौकशी समिती बसली. शरीराच्या हालचालीचं शास्त्र कळणारं आमच्या कॉलेजात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ‘त्याला थांबता आलं असतं का?’ हे मलाच विचारलं गेलं. अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, “डॉक्टर इंगवले, तुम्ही आई आहात. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.”

ते वाक्य मला चाबकासारखं लागलं. आई आहे म्हणून सवलत! जत्रेतल्या मैदानातल्या त्या वस्तादांची मुलगी मी. मी आकडे मांडले. चेंडू सुटल्यापासून धडकेपर्यंत एकतीस शतांश सेकंद गेले होते. माणसाला सुरू केलेली हालचाल रोखायला साधारण वीस शतांश लागतात, हे प्रयोगशाळांत हजारदा मोजलेलं आहे. म्हणजे अकरा शतांश शिल्लक राहतात. मनात तळघरातला तो टाळीसरशी थिजणारा मुलगाही होताच. मी म्हणाले, “हो. त्याला थांबता आलं असतं.”

त्याला वर्षभर खेळायला बंदी झाली. त्याचं मला काही नाही. पण घरी आल्यावर तो स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, “आई, मी थांबत होतो.” आणि मी म्हणाले, “मग थांबला का नाहीस?” तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याला काही बोलायचं होतं, ते त्याने गिळलं. आठवड्याभरात तो घरातून गेला.

आता तो मिनेसोटात, डलुथच्या बंदरात क्रेन चालवतो. विश्वासरावांना त्याचा फोन येतो. ते फोन घेऊन गॅरेजमध्ये जातात आणि परत येऊन ‘राँग नंबर होता’ म्हणतात. चाळीस-चाळीस मिनिटांचा राँग नंबर. मी काही विचारत नाही. आल्यावर त्यांच्या चेहऱ्याकडे बघते आणि पोरगं बरं आहे की नाही ते ओळखते. माझ्या फोनवर दोन गावांचं हवामान असतं. डलुथला पारा उतरला की मी लोकरीचे मोजे आणून ठेवते, विश्वासराव ते आपल्या नावाने पाठवतात. मला तो हवा होता. इतकी साधी गोष्ट होती, आणि नऊ वर्षांत कोणालाही ती सांगायची हिंमत मला झाली नव्हती.

*

हिंमत नसलेली माणसं कामात बुडतात. मी बुडाले, आणि त्यातून हे यंत्र निघालं.

त्यामागचं शास्त्र अवघड नाही. आपण पळत असतो तेव्हा मेंदूचा ‘चल’ हा हुकूम पायांकडे निघालेला असतो. मध्येच डोळ्यांनी काही पाहिलं आणि मेंदूने ‘थांब’ म्हटलं, तर तो दुसरा हुकूम पहिल्याच्या मागे धावत सुटतो. जो आधी पोचेल तो जिंकतो. बसल्या जागी बटण दाबणाऱ्या माणसाच्या बोटात ही शर्यत वीस शतांश सेकंदांत निकाली निघते. पण बोट वेगळं आणि एकशे अठरा किलोचा धावता माणूस वेगळा. तिथे हुकूम पोचला तरी शरीर ऐकत नाही. पाय रोवला जातो आणि बाकीचा गडी पुढे जातच राहतो. हे मला समितीपुढे सुचायला हवं होतं. प्रयोगशाळेतला बोटाचा आकडा मी माझ्या मुलाच्या अंगाला लावला होता.

आम्ही खेळाडूंसाठी मोजे विणले, त्यात केसाएवढे बारीक वाहक धागे होते. स्नायू आवळण्याआधी त्यात विजेची जी पुसटशी हालचाल होते, ती हे धागे टिपतात. पाच वर्षं, सहा संघ, हजारो धडका. प्रत्येक धडकेची चित्रफीत आणि मोज्यांची नोंद आम्ही यंत्राला शेजारी शेजारी दाखवत गेलो. शेवटी यंत्र इतकं तयार झालं की मोज्यांची गरजच उरली नाही. टाचेचा कोन, कमरेचा झोल, एवढ्यावरून ते सांगायला लागलं की ‘थांब’चा हुकूम कधी निघाला आणि कुठवर पोचला. जुन्या चित्रफितीही त्याला वाचता यायला लागल्या.

झालं. महाविद्यालयीन खेळांच्या आमच्या भागातल्या संघटनेने लगेच प्रस्ताव आणला: यापुढे रुमाल यंत्राला विचारून. धडकणाऱ्याला थांबणं शक्य नव्हतं असं यंत्र म्हणालं, तर दंड नाही. एप्रिलमध्ये सुनावणी ठरली आणि यंत्राची आई म्हणून बोलायला मला बोलावलं. त्याआधी जुन्या गाजलेल्या धडका तपासायच्या होत्या. नियम असा, की दोन्ही खेळाडूंची लेखी संमती हवी. म्हणून ते संमतिपत्र. शार्दूलने ते तीन महिने ठेवून घेतलं आणि फेब्रुवारीत पाठवलं.

केलेब मात्र स्वतःच चालत आला. आता तिशीचा झालाय, गावातल्या बी-बियाण्यांच्या दुकानात काम करतो. डाव्या हाताने, एकेक अक्षर कोरल्यासारखी त्याने सही केली आणि खुर्ची ओढून बसला.

“मी बघणार आहे. तुमच्यासोबत,” तो म्हणाला. तो सावकाश बोलतो, मध्ये शब्द शोधतो, आणि आपण तो पुरवलेला त्याला खपत नाही.

“बघ. पण आधी सांग, तुला काय वाटतं? दंड काढावा की नाही?”

“शार्कचा दोष नसेल. मला कधी वाटलाच नाही.” तो थांबला. “पण डॉक्टर, रुमाल दोषासाठी असतो का?”

“मग कशासाठी?”

“माझ्यासाठी. मी फेकतो तेव्हा माझा हात वर. छाती उघडी. मला येणारा दिसत नाही. येणाऱ्याला भीती असते रुमालाची, म्हणून तो दोन पावलं आधीच जोर कमी करतो. तुम्ही रुमाल काढा. उद्यापासून प्रत्येक जण इतक्या जोरात येईल की त्याला थांबणं शक्यच नसेल. आणि तुमचं यंत्र म्हणेल, निर्दोष.”

पाच वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी यंत्र बांधत होते ते खेळासाठी नव्हतंच. एका मुलाला ‘तुझा दोष नव्हता’ असं सांगता यावं, एवढ्यासाठी मी सहा संघांना मोजे घातले होते. बी-बियाणं विकणाऱ्या मुलाने ते दोन मिनिटांत उघडं पाडलं.

“शार्दूलचं काही कळतं का तुला?” मी न राहवून विचारलं.

“दर वाढदिवसाला पत्र येतं. एक ओळ. ‘हात कसा आहे?’”

मला हेवा वाटला. ज्याचा हात माझ्या मुलाने निकामी केला त्याचा मला हेवा वाटला, कारण त्याला वर्षाला एक ओळ मिळत होती.

मी चित्रफीत लावली. पडद्यावर शार्दूलच्या जागी काड्यांचा माणूस धावू लागला. ‘चल’चा हुकूम निळ्या रेघेने दिसतो, ‘थांब’चा नारिंगी. केलेबच्या हातून चेंडू सुटला आणि सोळा शतांश सेकंदांनी नारिंगी रेघ उमटली. इतकी लवकर मी हजारो धडकांत क्वचित पाहिली होती. सत्तावीस शतांशाला ती डाव्या टाचेत पोचली. टाच गवतात रुतली. एकतीसला धडक.

“म्हणजे तो थांबत होता,” केलेब म्हणाला.

“थांबत होता,” मी म्हणाले. शार्दूलचेच शब्द, नऊ वर्षांनी माझ्या तोंडून.

यंत्राने खाली निकाल लिहिला: पूर्ण थांबणं अशक्य. मला तिथेच पडदा बंद करता आला असता. पण आमचं यंत्र आणखी एक गोष्ट करतं. हुकूम निघालाच नसता तर काय झालं असतं, तेही चालवून दाखवतं. ते आपोआप सुरू झालं. या खेपेला काड्यांचा माणूस टाच न रोवता सरळ गेला आणि त्याचा खांदा केलेबच्या छातीवर बसला. दोघं पडले. यंत्राने अंदाज दिला: बरगडीला मुका मार.

मी ते पुन्हा चालवलं. मग पुन्हा. एसटीच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारल्यावर उभे प्रवासी जसे पुढे कोलमडतात, तसंच झालं होतं. टाच रोवली म्हणून कंबर अडली, कंबर अडली म्हणून धड पुढे झुकलं, आणि डोकं अकरा सेंटिमीटर खाली आलं. केलेबच्या हनुवटीखाली.

तो थांबायला गेला नसता तर केलेबचा हात आज धड असता. आणि एवढ्या वेगात, एवढ्या लवकर थांबायला जाणं त्याला कोणी शिकवलं होतं, हे मला यंत्राने सांगायची गरज नव्हती. तळघरातल्या गाद्यांवर, पाहुण्यांसमोर, मीच ते त्याच्या अंगात मुरवलं होतं. वडिलांचा नियम पकडीसाठी होता, मातीत पाय रोवून उभ्या असलेल्या दोघांसाठी. मी तो धावणाऱ्या पोराला शिकवला.

केलेबला सगळं समजलं होतं. त्याच्या चेहऱ्याची एक बाजू हसली. “म्हणजे आयुष्यात मला सगळ्यात जोरात लागलं, ते एकाने सभ्यपणा केला म्हणून.”

“केलेब, मला माफ कर.”

“तुम्ही टाळ्या वाजवायचात. शार्कने सांगितलं होतं कधीतरी.” त्याने डाव्या हाताने उजवा उचलून मांडीवर नीट ठेवला. “त्याला हे माहीत आहे?”

“कसं असेल? मलाच आत्ता कळतंय.”

तो उठला. जाताना त्याने दार हळू लावलं.

*

विश्वासरावांना मी त्याच दुपारी सगळं सांगितलं. ते अंगणातल्या बाकावर बसून संत्रं सोलत होते. ऐकताना त्यांचे हात थांबले, मग पुन्हा सोलायला लागले.

“मी डलुथला जाते,” मी म्हणाले. “फोनवर नाही सांगायचं मला हे.”

“जाऊ की. मी नेतो गाडीनं.” त्यांनी एक फोड मला दिली. “पण शैला, अर्धंच सांग त्याला. तुझा दोष नव्हता, तू थांबत होतास, यंत्र म्हणतंय. बास. पुढचं कशाला?”

“खोटं बोलू?”

“खोटं कुठं? अर्धं. एकदा सगळं खरं बोलून बघितलंस की.”

ते असं टोचून कधी बोलत नाहीत. मी बॅग भरायला आत गेले. तेरा-चौदा तासांच्या त्या रस्त्यात, मधल्या मुक्कामातही, आम्ही हवामान आणि पेट्रोल यापलीकडे बोललो नाही. मी मनात दोन्ही वाक्यं घोळवत होते. अर्धं सांगितलं तर तो घरी येईल असं मला वाटत होतं. पूर्ण सांगितलं तर त्याच्या डोक्यावर नवं ओझं: तू तसाच गेला असतास तर बरं झालं असतं. असं कोणी आपल्या मुलाला सांगायला तेराशे किलोमीटर जातं का?

डलुथला मार्चमध्येही सरोवराच्या काठाला बर्फ होता. शार्दूल जेवणाच्या सुट्टीत क्रेनवरून खाली आला. पिवळं जाकीट, दाढी, दाढीत दोन-चार पांढरे केस. माझ्या मुलाच्या दाढीत पांढरे केस, आणि ते येताना मी पाहिले नव्हते. विश्वासराव गाडीतून उतरलेच नाहीत.

“आई,” तो म्हणाला. “अर्धा तास सुट्टी आहे.”

आम्ही धक्क्यावरच्या लोखंडी बाकावर बसलो. मी सरळ मुद्द्यावर आले.

“मी चुकले होते. तू थांबत होतास. यंत्राला दिसलं. कोणापेक्षाही लवकर थांबायला गेलास, पण पुरं थांबणं कोणालाच शक्य नव्हतं. तेव्हा मी समितीपुढे बोलले ते चूक होतं आणि घरात तुला बोलले ते त्याहून वाईट होतं.”

तो सरोवराकडे पाहत होता. “आणि?”

“आणि काय?”

“तू कधी अर्धं सांगत नाहीस.”

मी गाडीकडे पाहिलं. मग त्याच्या हातांकडे, आजोबांसारख्या त्या रुंद पंजांकडे, आणि सगळं सांगितलं. टाच, कंबर, अकरा सेंटिमीटर, मुका मार. आणि तळघर.

त्याने मान हलवली. “डावी टाच,” तो म्हणाला. “गवत ओलं होतं. टाच रोवली तेव्हाच कळलं मला, डोकं खाली चाललंय म्हणून. तेवढ्यात एवढंच कळलं, की हे नसतं केलं तर बरं झालं असतं.”

“तुला माहीत होतं?”

“त्याच क्षणी.”

“मग बोलला का नाहीस रे?”

“बोललो की. थांबत होतो म्हटलं.” तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. “पुढचं काय सांगायचं होतं, आई? तू शिकवलंस ते केलं, म्हणून केलेब पडला, असं? तू रोज त्याच्या हॉस्पिटलात जाऊन बसायचीस तेव्हा. मी घरात राहिलो असतो तर कधी ना कधी तू माझ्या तोंडावरून वाचलंच असतंस. तुझं कामच आहे ते. म्हणून गेलो. मग एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, आणि परत यायला तोंडच राहिलं नाही.”

नऊ वर्षं मी समजत होते की तो मला शिक्षा देतोय. रोज सकाळी डलुथचा पारा बघून मी ती शिक्षा भोगत होते. आणि हा गाढव मला जपत होता.

रडू यायला हवं होतं. मला राग आला, असा की कोल्हापूर सुटून चाळीस वर्षं झाल्याचं विसरून मी तिथल्या बायकांसारखी ‘मी आलो, मी गेलो’ करत बंदराच्या धक्क्यावर ओरडायला लागले.

“नऊ वर्षं! मला काय झेपंल आन काय न्हाई ते ठरवणारा तू कोण रे? मी काय काचेचं भांडं हाय व्हय? सणाला ताट वाढून बसलो मी, पोरगं येईल म्हणून! मोजं पाठवलं!”

“मोजे तूच पाठवायचीस ते माहीत होतं मला. बाबांना माझ्या पायाचा नंबर माहीत नाही.”

“आणि ह्यांना? ह्यांना ठाऊक होतं सगळं?”

“पहिल्याच वर्षी सांगितलं मी.”

मी गाडीकडे पाहिलं. विश्वासराव काचेआडून आमच्याकडेच बघत होते. मी पाहिल्याबरोबर त्यांनी खाली वाकून काहीतरी शोधायला सुरुवात केली. अर्धंच सांग म्हणाले होते ते यासाठी, की हे सगळं माझ्यापुढे उघडं पडू नये. दोघा बाप-लेकांनी मिळून माझ्याभोवती पिवळे रुमाल लावून ठेवले होते, आणि मला वाटत होतं की मैदानात मी एकटीच उभी आहे.

धाप लागली तेव्हा मी पुन्हा बाकावर बसले. शार्दूलने जाकीट काढून माझ्या खांद्यांवर टाकलं. त्याला कोळशाचा आणि ग्रीसचा वास येत होता. मी ते घट्ट ओढून घेतलं.

“मग आता सही का केलीस?” मी विचारलं.

“केलेबसाठी. आणि नव्या पोरांसाठी. उशिरा थांबायला गेलं की डोकं खाली जातं, हे कोणीतरी त्यांना सांगायला पाहिजे.”

“एप्रिलमध्ये सांगणार आहे मी. दंड संघावर राहू दे म्हणणार आहे, फेकणाऱ्याला राखायला तो लागतो. केलेबचं म्हणणं आहे ते. पण कोण्या पोराला दोषी ठरवायचं तर यंत्राला विचारल्याशिवाय नाही. बंदी नाही, चौकशी नाही. आणि उदाहरण आपलंच देणार.”

“माझं नाव घे. तळघराचं नको सांगू.”

“ते सांगितल्याशिवाय तुझी टाच का रोवली गेली हे कळणार कसं लोकांना?”

“आई, तुझी छी-थू करतील.”

“करू देत.”

तो हट्टाने नाही म्हणाला, मी हट्टाने हो म्हणाले. गणिताच्या वहीवरून भांडायचो तसे आम्ही पाच-सात मिनिटं भांडलो आणि मला मध्येच जाणवलं की हे भांडण संपू नये असं मला वाटतंय. बंदरावर भोंगा झाला. सुट्टी संपली होती. तो उठला, जाकीट मागायला हात पुढे केला आणि मग राहू दे म्हणाला.

“सुनावणी कधी आहे?”

“सोळा तारखेला. सकाळी दहाला.”

“मी येतो. तुझ्या शेजारी बसतो. मागच्या खेपेला तू एकटीच बोललीस.”

एवढं म्हणून तो क्रेनकडे चालायला लागला. मी त्याला तारीख पुन्हा एकदा मोठ्याने सांगितली, आणि त्याने मागे न बघता, ऐकलं म्हणून हात वर केला.